सीट बदलण्याआधी दुखतंय कुठे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्याचे, गाडी रॉयल एनफील्डची २०२२ची क्लासिक ३५०, उंची पाच फूट सहा इंच, वजन ८४ किलो. दीड तास झाला की बसायच्या हाडांखाली दुखायला लागतं आणि अडीच तासांनी जांघेत मुंग्या येतात. जूनच्या अखेरीस पत्नीला मागे बसवून हिमाचलात स्पितीला जायचंय. ऑनलाइन एक जेलची तयार सीट आवडलीय, ती घ्यावी की दुसरी कुठली?

ती घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. तुमच्या गाडीची मूळ सीट तशीच ठेवून तिच्यातला फोम तुमच्या मापाने बदलून घ्या, आणि तेही कव्हर चढवण्याआधी चालवून बघून. कोल्हापुरात आमचं कुशनचं काम आहे, वडिलांपासूनचं. आधी रिक्षा आणि टेम्पो, आता निम्म्याहून जास्त काम बुलेटवाल्यांचं आणि लांब फिरणाऱ्यांचं असतं. आमच्याकडे येणाऱ्या दहांतले सात-आठ जण म्हणतात, "सीट जरा मऊ करा." त्यातल्या बहुतेकांची सीट शेवटी कडकच करावी लागते. लोक दुकानात दोन मिनिटं बसून सीट पसंत करतात आणि दोन मिनिटांत मऊ सीटच छान वाटते. त्रास तिसऱ्या तासाला सुरू होतो, तेव्हा दुकानदार शंभर किलोमीटर मागे राहिलेला असतो.

दुखणं एकाच जागेचं नसतं, आणि जागा बदलली की इलाज बदलतो. तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

बसल्यावर आपला भार मुख्यतः कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर येतो. फोम तिथे पूर्ण दाबला गेला की हाड जवळजवळ सीटच्या प्लॅस्टिकच्या बेसवर टेकतं. मधलं मांस चेपतं, तिथला रक्तप्रवाह अडतो आणि दुखायला लागतं. दीड तासाने दुखतंय म्हणजे सुरुवातीला फोम भार पेलतोय, हळूहळू बसत जातोय आणि नंतर संपतोय. जांघेतल्या मुंग्यांचं कारण बहुधा उतार आहे. सीट पुढे टाकीकडे झुकलेली असेल तर तुम्ही प्रत्येक ब्रेकला थोडे पुढे घसरता, मग हाडांवरचा भार सुटून तो मधल्या नाजूक भागावर येतो. तिथून नस जाते, ती दाबली की बधिरपणा येतो. सीट कितीही मऊ केली तरी घसरणं थांबत नाही, उलट मऊ सीटमध्ये माणूस रुतून पुढे सरकतो. गाडीवरून उतरल्यावर तासाभरातही मुंग्या जात नसतील तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. मणक्याचा किंवा मूळव्याधीचा जुना त्रास असेल तरी तेच.

तिसऱ्या प्रकारचं दुखणं तुम्हाला नाही, पण वाचणाऱ्यांतल्या कोणाला असेल म्हणून सांगतो: माकडहाड. हे क्रूझरवाल्यांचं दुखणं. एनफील्डच्याच मीटिऑरसारख्या गाडीत सीट ७६५ मिलिमीटरवर, पाय पुढे. पाय पुढे गेले की खड्ड्यात पायांवर उभं राहता येत नाही, कंबर गोल होते आणि भार हाडांच्या मागे माकडहाडावर जातो. त्याला मागच्या बाजूला खाच काढावी लागते आणि कमरेला टेकण द्यावं लागतं.

आता घरी करायच्या तपासण्या. गाडी सेंटर स्टँडवर लावा. सीटच्या मधोमध, जिथे तुम्ही बसता तिथे, एक गुडघा ठेवून सगळा भार त्यावर टाका. गुडघ्याला खालचं कडक प्लॅस्टिक लागलं तर फोम गेला, मग वरून कितीही गुबगुबीत दिसू दे. त्यानंतर एक सरळ लाकडी पट्टी सीटवर टाकीपासून मागपर्यंत ठेवा आणि तिच्यावर मोबाइलमधलं लेव्हल लावा. उतार किती आणि कुठल्या बाजूला आहे ते आकड्यात कळेल. स्टँडवरचा उतार आणि माणूस बसल्यावरचा उतार यांत फरक असतो, म्हणून गाडी चाकांवर उभी करून, तुम्ही बसलेले असताना, बाजूने कोणालातरी एक फोटोही काढायला सांगा.

तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि ती सहसा कोणी करत नाही. नालीदार पुठ्ठा घ्या, खोक्याचा असतो तो. लाकडी स्टुलावर ठेवा, पातळ हाफ पँट घालून त्यावर बसा, गाडीवर वाकता तेवढंच पुढे वाका, पाय थोडे उचला आणि अर्धा मिनिट तसेच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसत नसले तर खडू आडवा धरून हलकेच फिरवा, खळग्यांत रंग लागत नाही. दोन्ही खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बहुतेकांचं १० ते १४ सेंटीमीटरच्या दरम्यान निघतं, बायकांचं साधारणपणे थोडं जास्त. हे तुमचं माप. कडक फोम या दोन जागांखाली यायला हवा, आणि त्या जागी सीट सपाट हवी. तयार सीट बनवणाऱ्याला हे माप माहीत नसतं, तो सगळ्यांसाठी एकच साचा काढतो. तयार सीटला माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

अमेरिकेत रसेल कंपनीची 'डे-लाँग' नावाची सीट लांब पल्ल्याच्या लोकांत फार प्रसिद्ध होती. ती बनवण्याआधी ते ग्राहकाची उंची, वजन आणि गाडीवर बसलेला फोटो मागवत. त्या सीटला दोन्ही बाजूंना पंख असायचे, म्हणजे मांडीच्या वरच्या भागालाही आधार मिळून हाडांवरचा भार वाटला जाई. दिसायला ओबडधोबड. पण २४ तासांत १,६०० किलोमीटरची 'सॅडलसोअर' फेरी करणारे लोक दिसण्यापेक्षा या वाटणीला किंमत देतात. कॉर्बिन या तिथल्याच दुसऱ्या कंपनीच्या सीटवर पहिल्यांदा बसणारा माणूस "लाकूड आहे का हे" असं म्हणतो, कारण ती मुद्दाम कडक आणि खोलगट असते. भार मोठ्या जागेवर पसरला की कडक सीट चालते. तो दोन टोकांवर राहिला तर मऊही चालत नाही.

आता फोमबद्दल, कारण फसवणूक सगळ्यात जास्त इथेच होते.

बाजारात फोम 'डेन्सिटी'वर विकला जातो: ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. फोम किती टिकेल ते त्यावरून कळतं, किती कडक आहे ते नाही. ४०चा फोम मऊही येतो आणि कडकही. त्यामुळे कोणी नुसतं "४० डेन्सिटी टाकतो साहेब" म्हणालं तर हाताने दाबून बघा, आणि मुठीने दाबून सोडल्यावर किती पटकन वर येतो तेही बघा. सोफ्याचा हलका शीट फोम सीटमध्ये टाकणारे भरपूर आहेत. महिनाभर मस्त वाटतो, नंतर बसतो.

कंपनीचा फोम वाईट नसतो, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. तो शीटमधून कापलेला नसतो, साच्यात ओतलेला असतो. त्याच्या बाहेरून घट्ट कातडीचा थर असतो आणि तो बाजारातल्या शीटपेक्षा जास्त टिकतो. तो सगळा काढून फेकून देणारा कुशनवाला असेल तर तिथून गाडी काढा. आम्ही काय करतो, तर मूळ फोमवर पुठ्ठ्याच्या मापाने दोन जागा आखतो, करवतीच्या पात्याने तिथला वरचा साधारण दीड-दोन इंच भाग काढतो, बेसच्या बाजूने रीबॉन्डेड फोमचा तुकडा बसवतो आणि त्यावर मध्यम कडक फोमचा थर देतो. रीबॉन्डेड म्हणजे फोमचा चुरा दाबून बनवलेला, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो तो. तो वजनाने जड असतो आणि तळाला भार थोपवतो. सगळ्यात वर अर्ध्या इंचाहून जास्त मऊ फोम नको. तो फक्त कडा लपवायला आणि बसता क्षणी बरं वाटायला.

जोड चिकटवताना सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून सुकू द्यायचं आणि मगच दाबायचं. ओलं असताना चिकटवलं तर जोडात कडक रेघ तयार होते आणि ती रेघ बरोबर मांडीला टोचते. मग ग्राइंडरला खरबरीत डिस्क लावून आकार द्यायचा. तुमच्या बाबतीत इथे उताराचं काम होईल. टाकीकडची बाजू उचलण्यापेक्षा बसायची जागा थोडी खाली घेऊन सपाट केलेली बरी, कारण पुढचा भाग उंच केला तर तोच जांघेला लागतो. पण जागा खाली घेतली की तिथला फोम कमी होतो, म्हणूनच तिथला थर कडक हवा. आकार आणि कडकपणा वेगवेगळे ठरवता येत नाहीत ते यामुळे.

तुमची उंची बघता आणखी एक गोष्ट. क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटरवर आहे. मागची बाजू रुंद करायला हरकत नाही, पण टाकीजवळचा चार-पाच इंचांचा भाग रुंद करू देऊ नका. पाय जमिनीला टेकताना तोच मांड्या फाकवतो. तिथे अर्धा इंच वाढला तरी सिग्नलला टाचा उचलाव्या लागतात, आणि मागे पत्नी आणि सामान असताना स्पितीच्या नाल्यात ते परवडणार नाही. उलट तिथल्या कडा गोल करून घ्या.

जेलबद्दल सगळ्यांनाच फार उत्सुकता असते. जेल दाबली जात नाही, ती फक्त बाजूला सरकते. इंजिनचा बारीक कंप ती चांगला मारते, म्हणून फोमच्या आत पातळ थर म्हणून तिचा उपयोग आहे. पण गेलेल्या फोमवर जेल टाकून काही होत नाही. आणि ती उष्णता धरून ठेवते. मे महिन्यात सोलापूरला काळ्या रेग्झिनखाली जेल असलेली गाडी अर्धा तास उन्हात उभी करा आणि मग बसून बघा. टाकायचीच असेल तर वर निदान अर्धा इंच फोम हवा. मेमरी फोम तुमच्या प्रवासासाठी मी अजिबात सुचवणार नाही. तो उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत कडक. स्पितीत काझाच्या पहाटे तो पाटासारखा होईल आणि दुपारी राजस्थानात इतका लिबलिबीत होईल की हाड सरळ तळाला लागेल.

हवेच्या गाद्या मात्र मला आवडतात. एकमेकांना जोडलेल्या हवेच्या कप्प्यांची ही कल्पना व्हीलचेअरच्या गाद्यांवरून आली. तिथे माणूस दिवसभर बसतो, म्हणजे ती तपासूनच झालेली आहे. फक्त लोक त्या टम्म फुगवतात आणि मग "डगडगतं" म्हणून काढून टाकतात. आधी भरायची, गाडीवर बसायचं आणि बसूनच हवा सोडत जायचं, हाड आणि सीट यांच्यात बोटभर अंतर राहीपर्यंत. डोंगरात एक लक्षात ठेवा: चंदीगडला भरलेली गादी कुंझुम खिंडीत, साडेचार हजार मीटरच्या वर, फुगून कडक होते, कारण बाहेरच्या हवेचा दाब खूप कमी असतो. चढताना थोडी सोडायची, उतरल्यावर पुन्हा भरायची. शिवाय बसायची उंची थोडी वाढते, तेही तुमच्या पायांच्या हिशेबात धरा. फोमचं काम वेळेत झालं नाही तर तुमच्यासाठी दुसरा पर्याय म्हणून मी हीच सुचवीन. टॅक्सीवाल्यांचं मण्यांचं कव्हर आणि जाळीचं कव्हर हवा खेळती ठेवायला चांगलं, पण हाडाच्या दुखण्यावर तो इलाज नाही.

जुन्या क्लासिकला सीटखाली स्प्रिंगा होत्या, त्या परत लावून घेणारेही भेटतात. स्प्रिंग मोठा दणका खाते. सपाट महामार्गावर तीन तास सतत पडणारा दाब ती कमी करत नाही. तुमचा त्रास सतत दाबाचा आहे, त्यामुळे तो खर्च वाचवा.

कव्हर हा अर्धा खेळ आहे, पण लोक त्यात फक्त रंग बघतात. कव्हर फार ताणून मारलं तर ते ढोलासारखं वाजतं आणि खालच्या फोमला दबूच देत नाही. एवढी मेहनत करून घेतलेला फोम वाया. सगळ्या बाजूंना ताणणारं रेग्झिन घ्या, ते वेगवेगळ्या तुकड्यांत कापून शिवायला सांगा, आणि बसायच्या हाडांखाली शिवण येऊ देऊ नका. मांडीच्या आतल्या बाजूला पायपिंगही, म्हणजे शिवणीतली दोरीसारखी उठावदार कड, नको. चौकटी-चौकटींची डायमंड शिलाई सध्या सगळ्यांना हवी असते, आम्हीही करून देतो, पण त्यातलं प्रत्येक टाक्याचं भोक पावसात पाणी आत घेतं. फोम एकदा भिजला की कोकणातल्या पावसात चार दिवस वाळत नाही आणि तुम्ही ऊन पडल्यावरही ओल्यावरच बसता. शिवणीला मागून सोल्युशनचा पट्टा मारा, फोम आणि कव्हर यांच्यात पातळ प्लॅस्टिक टाका, आणि बेसची पाणी जायची भोकं फोमने बुजली नाहीत ना ते बघा. स्टेपल स्टेनलेस स्टीलचीच. साधी पहिल्याच पावसाळ्यात गंजतात आणि कव्हर कडेने सुटायला लागतं. सीट परत बसवताना खालचे रबरी बुश सगळे फ्रेमवर टेकतायत ना हेही तपासा. एक जरी राहिला तरी बेस वाकतो आणि सीट कुरकुरते.

सीटबाहेरची दोन-तीन कारणं पटकन. मागच्या शॉकअपला प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या, सहा खाचा आहेत. एकटे असताना तो सगळ्यात कडक खाचेवर असेल तर गाडीची मागची बाजू उचललेली राहते आणि सीट पुढे झुकते, म्हणजे तुमच्या मुंग्यांचा काही भाग फुकटात बरा होण्यासारखा असेल. दोघं आणि सामान असताना मात्र कडक करायलाच हवा. जीन्सची मधली जाड शिवण आणि सुती अंतर्वस्त्राची घामेजलेली कड बऱ्याच जणांना सीटपेक्षा जास्त त्रास देते. सायकलवाल्यांची घट्ट चड्डी आतून घालून बघा, पण पातळ पॅडची. जाड पॅड मोटरसायकलवर उलट गोळा होतं. आणि तासाभराने फुटरेस्टवर अर्धा मिनिट उभं राहायची सवय लावा, रक्त पुन्हा फिरतं.

पत्नीच्या सीटबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय, पण तिथे जास्त लक्ष लागेल. चालवणाऱ्याला हँडल धरायला मिळतं, पाय रोवता येतात, खड्डा आधी दिसतो. मागच्या माणसाला यातलं काहीच नसतं. क्लासिकची मागची सीट वेगळी सुटते आणि ती अरुंद आहे. तिचा बेस बदलता येत नाही, पण फोम दोन्ही बाजूंना साधारण एक-एक इंच बाहेर काढून रुंद करता येतो. बेसच्या बाहेर त्यापेक्षा जास्त गेला तर खाली आधार नसल्याने तो लोंबतो. वरचा भाग अगदी सपाट, पुढे उतार मुळीच नाही, नाहीतर प्रत्येक ब्रेकला त्या तुमच्या पाठीवर येतील आणि तुम्ही टाकीवर. पुठ्ठ्याचं माप त्यांचंही वेगळं घ्या. तुमचंच माप मागे वापरू नका. बॅकरेस्ट लावायचा असेल तर सीटचं काम झाल्यावर लावा, कारण फोम वाढला की टेकायची उंची बदलते. सॅडलबॅगचे पट्टे मागच्या सीटवरून नेऊ नका. पहिल्या दिवशी काही वाटत नाही, तिसऱ्या दिवशी त्याच बकलवरून भांडण होतं.

तयार सीट घ्यावी अशी वेळ केव्हा? मूळ बेसच तडकला असेल, किंवा कंपनीच्याच ॲक्सेसरीजमधली टूरिंग सीट शोरूममध्ये बसवून निदान तासभर चालवायला मिळत असेल, तर जरूर घ्या. चालवायला देत नसतील तर घेऊ नका. ऑनलाइन सीटच्या फोटोत फोम दिसत नाही आणि लेव्हलही लावता येत नाही.

कुशनवाल्याशी बोलताना एक अट आधीच घाला: कव्हर लगेच स्टेपल करायचं नाही. आकार झाला की जुनं कव्हर नुसतं ओढून, कडेने चिकटपट्टी लावून गाडी तुमच्याकडे द्यायला सांगा. पुण्याहून साताऱ्यापर्यंत जाऊन या. कुठे टोचलं, कुठे रुतलं ते फोमवर मार्करने खूण करून दाखवा, तो अर्ध्या तासात तासून देईल. दोनदा असं केलं की सहसा जमतं. नको म्हणणारा असेल तर दुसरा शोधा. तुमच्याच नाना पेठेत सुटे भाग विकणाऱ्यांना विचारलंत तर चांगलं काम करणारा कुठे बसतो ते सांगतील. काम मे संपायच्या आत करून घ्या, म्हणजे जूनमध्ये पत्नीला आणि सामान घेऊन एक पूर्ण दिवसाची फेरी मारता येईल. नवीन फोम सुरुवातीच्या चार-पाचशे किलोमीटरमध्ये थोडा बसतो. तो बसायचा तेवढा घाटाखालीच बसू दे.

तोवर पुठ्ठ्याचं माप, पट्टीवरच्या लेव्हलचा आकडा आणि तुम्ही दोघं बसलेला बाजूने काढलेला फोटो पाठवा, चेहरे झाकले तरी चालतील. पाय फुटरेस्टवर आणि सामान लावलेलं असू द्या. मग कुठून किती काढायचं ते नेमकं सांगतो.